एकाच शीटमधले

आमच्या कारखान्यात बनवणारी माणसं वेगळी आणि मोडणारी वेगळी. मी मोडणाऱ्यांतली. शीट तयार झाली, तिच्या पट्ट्या कापल्या, की त्या माझ्या टेबलावर येतात. मी त्या वाकवते, ओढते, पिळते, गोठवते, उकळते आणि शेवटी मोडते. कितीला मोडली ते वर कळवते. नोकरी लागली तेव्हा आईला हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "याचा पगार देतात? घरी तर तू फुकट करायचीस."

ज्या शीटबद्दल सांगायचं आहे ती कशी बनते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

भट्टीत एका चकतीवर गरम वायू सोडला की तिच्यावर काजळी धरते. धरते म्हणायची पद्धत आहे, पण ती खरं तर उगवते. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आतून पोकळ अशा कार्बनच्या नळ्या, एकमेकींना खेटून उभ्या. त्यांना नॅनोट्यूब म्हणतात. चकती बाहेर काढली की वर काळ्या मखमलीचा थर दिसतो. त्याच्या कडेला चिमटा लावून हळूच ओढलं की कापसातून सूत निघावं तसा त्यातून पातळ पडदा निघत जातो. इतका हलका, की शेजारी कुणी शिंकलं तर दिवसभराचं काम उडून जातं. हा पडदा कार्बनच्या कापडाच्या थरांमध्ये घालायचा, वर रेझिन, म्हणजे चिकट राळ, पाजायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा शोषून घ्यायची आणि दाबाच्या भट्टीत शिजवायचं. जे बाहेर येतं ते पोलादापेक्षा खूप हलकं आणि वाकवायला गेलं तर माणसाला पुरून उरणारं.

त्याला एक खोड आहे. आतल्या नळ्यांच्या जाळ्यातून वीज जाते, आणि तो तुकडा जरासा जरी वाकला तरी विजेला होणारा अडथळा बदलतो. म्हणजे दोन वायरी जोडल्या की त्याच्यावर किती भार आहे, कधी आला, कधी गेला, हे तो तुकडा स्वतःच सांगतो. वेगळं काही लावावं लागत नाही.

या एका खोडीपायी आमच्या साहेबांच्या डोक्यात पाय शिरला. कृत्रिम पाय. हलका, मजबूत, आणि माणूस चालताना कुठे जास्त भार देतो हे स्वतःच सांगणारा. तो घालून चालणारा माणूस तेवढा हवा होता.

माणूस माझ्या घरातच होता.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत तळाच्या खड्ड्यात उतरून तेल घालत असताना वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कुणी दाबलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. इमारतीतल्या प्रत्येकानं आपण त्या दिवशी जिन्यानं गेल्याचं सांगितलं. दवाखान्यात भेटायला आलेल्यांना दादा म्हणायचा, "माझे पाय धरायचे असतील तर घाई करा, एकच शिल्लक आहे." माणसं हसायची. वहिनी हसायच्या नाहीत.

पाय मी त्याच्यासाठी बनवून घेतला. नळी आणि पाऊल एकाच शीटमधून कापलेलं. वर गुडघ्याखालचा उरलेला पाय जिथे बसतो ते सॉकेट त्याच्या मापाचं. चाचण्यांसाठी तो आमच्याकडे यायचा, पायाला वायरी जोडून अंगणात चालायचा आणि मी पडद्यावर त्याची पावलं बघायची. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते हे सगळे म्हणतात, मी ती बघितलेली आहे. दादाची टाच टेकण्याआधी क्षणभर थबकायची. पाणी किती गरम आहे हे बघायला पाय घालावा तशी. आलेखावर चढाच्या आधी एक बारीकशी पायरी दिसायची. शेवटपर्यंत ती गेली नाही.

मग कंपनीचा कार्यक्रम झाला. दादाला नवे बूट घेतले. तो मंचावरून चालत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. एका फोटोत मी त्याच्या शेजारी उभी आहे. तो फोटो कारखान्याच्या दारात भिंतभर लावला.

त्यानंतर वर्षभरात साहेबांनी पायाचा विभाग बंद केला. ड्रोनच्या पंखांना जास्त मागणी होती. दादाचं सॉकेट तोवर टोचायला लागलं होतं. कातडी सोलवटली होती. त्यानं फोन केला, तर त्याला सांगितलं की असा विभाग आमच्याकडे नाही. मी साहेबांच्या दारात जाऊन बसले, भांडले, दोनदा लेखी दिलं. त्याचं उत्तर म्हणून माझं टेबल कोठारामागच्या खोलीत हलवलं.

हे सगळं सांगायला दादाकडे गेले तेव्हा तो काही ऐकण्याच्या पलीकडे होता.

"तुम्हाला माणूस नकोच होता," तो म्हणाला, "माप हवं होतं. घेतलंत. हा कोळशाचा पाय माझ्या गळ्यात मारलात. आता कशाला आलीस?"

"मी काय काय केलं ते तुला ठाऊक आहे का?"

"आहे ना. फोटोत माझ्या शेजारी तूच आहेस."

मीही मग तोंडाला आलं ते बोलले. अपंग झालास म्हणून जगानं तुझी पालखी उचलायची का, असलं काहीतरी. वहिनींनी दार उघडलं आणि ते धरून उभ्या राहिल्या. मी निघाले. त्यानंतर त्यांचा फोन नाही, माझा नाही.

आता पट्टीबद्दल.

दादाच्या पायाची नळी ज्या शीटमधून कापली तिचा एक लांब तुकडा उरला होता. त्याचं एक टोक शिकंज्यात धरून दुसऱ्या टोकाला मी हलकंसं वजन टांगलं होतं. महिनोन्महिने भार राहिला तर पट्टी किती वाकते हे बघायला. विभाग बंद झाला तरी पट्टी काढ असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही काढली नाही. खोडसाळपणा म्हणा. तिचा आलेख म्हणजे एक सरळ रेघ, अगदी सावकाश उतरत जाणारी. बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

एका सकाळी त्या रेघेला दात आले होते.

मी आधी कॉम्प्रेसर बघितला. तो बंद होता. मग वायरी. मग आमच्या शंकासुराला बोलावलं. इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघणारा हा माणूस, सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी "कुणाच्या पूर्वेला?" विचारेल. म्हणून ते नाव. त्यानं वायरी बदलल्या, यंत्र बदललं, पट्टीचं वजन काढून ठेवलं. दात येतच राहिले. शेजारी दुसऱ्या शीटच्या पट्ट्या होत्या, त्याच टेबलावर, त्याच यंत्राला जोडलेल्या. त्यांच्या रेघा गुमान पडून होत्या.

शेवटी पट्टी पोलादी पेटीत घातली, पेटीखाली रबर ठेवलं, झाकण लावलं. शंकासुर पडद्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

"मॅडम," तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "मला हे चालणं वाटतंय."

मला ते सकाळपासून वाटत होतं. मी दादाच्या चाचणीचा जुना आलेख काढला आणि आत्ताच्या आलेखावर ठेवला. चढाच्या आधीची ती पायरीसुद्धा जागेवर होती. पडद्यावर दोन आलेख होते आणि दिसत एकच होता.

"पायाला अजून वायरी आहेत?" शंकासुरानं विचारलं.

"नाहीत. मीच काढल्या."

"मग?"

त्यानं पेटीचं झाकण उघडून पुन्हा एकदा आत बघितलं.

दुपारी रेघ शांत झाली तेव्हा मी वहिनींना फोन लावला.

"दादा कसा आहे?"

"आहेत."

"आत्ता काय करतोय?"

"आत्ताच बाहेरून आलेत. का?"

"काही नाही. सहज."

"सहज कशाला फोन करता?" त्या म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मी पडद्याकडे बघितलं. आत्ताच बाहेरून आलेत. रेघ सरळ होती. कुणीतरी खुर्चीत बसून पाय पसरावा तशी.

हे कसं होतं याचा मी विचार केला नाही असं नाही. माझं शिक्षण त्यातच गेलं आहे. पण एक उत्तर मिळत नाही म्हटल्यावर दुसरं, तिसरं शोधायचं, आणि तिन्ही मिळाली नाहीत की समोर दिसतंय ते बघत बसायचं, यापलीकडे माणूस काय करतो? मी बघत बसायला लागले. डबा पडद्यासमोर खायला लागले. जिना चढताना पावलांमधलं अंतर वाढायचं. कुठेतरी बराच वेळ उभं राहणं व्हायचं, भार या पायावरून त्या पायावर. रांग असेल, किंवा कुणाशी तरी गप्पा. एकदा एक उंच टोक आलं आणि लगेच खाली. उडी मारली होती. गटार ओलांडलं असेल. मी एकटीच मोठ्यानं हसले.

भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. पण सॉकेट टोचत असूनही तो चालत होता, आणि ते मला दिसत होतं. खरं सांगायचं तर त्यात मला एक सूडही मिळत होता. कोळशाचा पाय म्हणून हिणवलास ना? तोच घालून हिंडतोस की! साहेब कोठाराकडे कधी आलेच तर त्यांना हे दाखवावं असंही मनात यायचं. आले नाहीत.

"पट्टी काढून टाकू या," शंकासुर अधूनमधून म्हणायचा. "ज्याचं उत्तर नाही ते टेबलावर ठेवू नये."

"तुमच्या टेबलावर कुठे आहे?"

"तेही खरंच." पण तो माझ्या खोलीत यायचं टाळायला लागला. काही हवं असलं तर दारातून मागायचा.

थंडीचे दिवस आले तसं चालणं वाढलं. आधी दुपारचं बसणं असायचं, ते गेलं. मी सकाळी यायची तेव्हा पावलं चालू असायची, जायची तेव्हा चालू असायची. मधला आलेख काढून बघितला तर मधेही तेच. कधी भार एकदम वाढायचा, कुणाला तरी उचलून कडेवर घेतल्यासारखा, आणि मग त्या भारासकट पावलं पुढे. दमण्याची एक खूण असते. पावलं लहान होतात, अंतर वेडंवाकडं होतं. ती कुठेच नव्हती.

शंकासुरानं एकदा दारातूनच पडद्याकडे बघितलं.

"माणूस एवढा चालत नाही, मॅडम."

"तो पहिल्यापासून हट्टीच आहे."

"हट्टी असला तरी झोपतो."

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली.

दार दादानंच उघडलं. दोन काखांत दोन कुबड्या. विजारीची उजवी बाजू गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली. तो सुजल्यासारखा जाड झाला होता आणि पांढराफटक पडला होता, बादलीखाली झाकलं गेलेलं गवत पडतं तसा.

"कोण गेलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही."

"मग तू कशी?"

मी आत गेले. खिडकीपाशी एक खुर्ची होती. तिच्या गादीत त्याच्या बसण्याचा खळगा पडला होता आणि हाताच्या दांड्यांचा रंग तळव्यांनी खाल्ला होता. खुर्चीसमोरच्या फरशीवर डाव्या टाचेच्या जागी एक गुळगुळीत डाग. एकच.

"पाय कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठला?"

"दादा, मी भांडायला आलेले नाही. पाय कुठे आहे?"

"तो कोळशाचा? माळ्यावर." तो खुर्चीत बसला, खळग्यात बरोबर. "तू गेलीस त्याच दिवशी टाकला."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतर मी हा असा. विचार हिला."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

"मी फोन केला होता," मी त्यांना म्हणाले. "तेव्हा तुम्ही म्हणालात आत्ताच बाहेरून आलेत."

"दवाखान्यातून आणलं होतं. गाडीनं. जिन्यावरून दोघांनी उचलून."

मी काय विचारतेय हे त्यांना कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढले. गाठोडं कोपऱ्यात होतं, जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. वर धूळ बसली होती. सुतळीच्या गाठीवरही बसली होती, जशीच्या तशी. खाली आणून गाठ सोडायला गेले तर ती दगड झाली होती. वहिनींनी चाकूनं कापली.

आत पाय होता. पायात कार्यक्रमाचा तो बूट.

बुटाचा तळ झिजून आरपार गेला होता.

मी तो उलटा धरला. टाचेची बाहेरची कड तिरकी झिजलेली. मधल्या भोकातून आतलं काळं पाऊल दिसत होतं आणि त्यालाही चरे पडले होते, धागे सुटले होते. आमची ही शीट मी पॉलिश पेपरवर घासून बघितलेली आहे. तिला चरा पाडायला काय लागतं ते मला माहीत आहे. बुटाच्या खाचांत बारीक खडी अडकली होती. एका खाचेत गवताचं बी होतं, अजून हिरवट. सॉकेटची कड हाताळलेल्या दाराच्या मुठीसारखी चकचकीत झाली होती आणि आतल्या अस्तरावर घामाच्या मिठाचे पांढरे डाग होते, एकाबाहेर एक.

वहिनी खाली बसल्या. भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर ठेवून.

दादानं पाय माझ्या हातातून घेतला आणि बूट ओढून काढला. भोकातून अंगठा घातला आणि तो पलीकडून बाहेर आलेला बघत राहिला. तो घाबरेल असं मला वाटलं होतं. मीच घाबरले होते. त्याचा चेहरा वेगळाच झाला. आपल्या ताटातलं दुसऱ्यानं उचललेलं बघावं तसा.

"एवढं चालता येत होतं?" तो म्हणाला.

"दादा..."

"एवढं चालता येत होतं यावर? आणि मी इथे बसलो?" त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलं का नाहीस?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानं विजारीची पिन काढली.

"नको हो," वहिनी म्हणाल्या.

"का नको? माझाच आहे ना? का तोही दुसऱ्याच्या नावावर केलात?"

पूर्वी सॉकेट चढवायला त्याला दात-ओठ खावे लागायचे. आता पाय आत गेला तो म्यानात तलवार जावी तसा, आवाज न करता. त्यानं खुर्चीच्या दांड्यावर हात टेकवला आणि मग उचलला. उभा राहिला. कुबड्या भिंतीला तशाच होत्या.

मी शंकासुराला फोन लावला.

"पट्टी बघा. आत्ता."

त्याची पावलं ऐकू आली, मग खोलीचं दार.

"सरळ रेघ आहे."

दादा खिडकीपर्यंत गेला.

"आता?"

"सरळच."

दादा वळला. परत आला. सगळा भार त्या पायावर देऊन डावा पाय त्यानं जरा वर उचलला, पोरं लंगडी घालतात तसा, आणि हसला.

"आता बघा."

"मॅडम, काही नाही." शंकासुराचा आवाज खाली आला. "मघापर्यंत चालत होती. थांबली. आत्ताच, तुमचा फोन यायच्या जरा आधी."

ती रेघ त्यानंतर हलली नाही. आठवड्यांनी मी पेटी उघडली, पट्टी काढली आणि इतर पट्ट्यांसारखी मोडली. जितक्या भाराला मोडायला हवी होती तितक्यालाच मोडली. तुटलेल्या कडेचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढला. त्यात सगळं नेहमीसारखं होतं.

दादा चालायला लागला. आपण होऊन फोन मात्र वहिनींनी केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं आनंदाची बातमी देतायत.

"ते पाय काढत नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"झोपतानाही नाही. अंघोळीलाही नाही. मी म्हटलं, काढून ठेवा, जखम होईल. तर म्हणाले, पाय कुणी काढून ठेवतं का?"

"दुखतंय का त्याला?"

"नाही. सकाळी जातात, अंधार पडता येतात. एकदा मी पाठोपाठ गेले. अशा गल्ल्यांतून गेले की मी जन्मात त्या बघितल्या नाहीत. आणि तिथली माणसं त्यांना ओळखतात. एक दुकानदार म्हणाला, आज उशीर केलात. एका बाईनं आपलं पोर त्यांच्या कडेवर दिलं आणि ते पोर रडलं नाही." त्या थांबल्या. "एक विचारू? तुम्ही त्या पायात काही घातलंय का?"

"काय घालणार, वहिनी? कार्बन आणि रेझिन."

"माझ्याशी फार नीट बोलतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "एवढं नीट ते कधीच बोलले नाहीत हो."

मी येते म्हणाले. गेले नाही. कामं होती, आणि कामं नसती तरी गेले नसते.

तोच आला. सकाळची वेळ होती, कारखान्याच्या अंगणात ऊन आलं होतं. खोलीच्या काचेतून मला तो फाटकातून आत येताना दिसला. अंगावर जाडी राहिली नव्हती. चेहरा उन्हानं रापला होता. कुबड्या नाहीत, काठी नाही. उजवा पाय सरळ, सहज पडत होता, एवढा सहज की चाचण्यांच्या दिवसांत असा एकदा जरी पडला असता तर मी देवाजवळ साखर ठेवली असती. थबकणं नाही, अंदाज घेणं नाही.

लंगडत तो डाव्या पायानं होता.

तो पाय त्याच्या मागून येत होता. बांधलेलं ओझं ओढावं तसा.

शंकासुर दारात उभा होता. दादाला वाट देताना तो भिंतीला चिकटला आणि मग तिथून निघून गेला.

"येऊ का आत?" दादानं विचारलं.

"अरे, विचारतोस काय? ये."

तो आला. खुर्ची मागे ओढून, तिच्याकडे बघून, माझ्याकडे बघून बसला.

"तुम्हाला त्रास देतोय," तो म्हणाला. "पण हे काम इथेच होतं असं कळलं."

मी हसायचा प्रयत्न केला. तो थट्टा करतोय असं मला वाटायला हवं होतं. आवाज त्याचाच होता, भुवईवरचा व्रणही त्याचाच. तो माझ्याकडे बघत होता ते काउंटरपलीकडच्या माणसाकडे बघावं तसं, अदबीनं आणि जरा घाईत.

त्यानं डाव्या पायातला बूट काढला. मोजा काढला, घडी करून बुटात ठेवला. विजार गुडघ्यापर्यंत वर सारली आणि दोन्ही हातांनी धरून तो पाय माझ्या टेबलावर ठेवला, पट्ट्यांच्या शेजारी. केस, शिरा, घोट्यावरचा लहानपणीचा चटक्याचा डाग. त्यानं नडगीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"हा तुम्हीच केलात का?" त्यानं विचारलं. "चांगला आहे, तक्रार नाही. पण फार जड होतो. आणि सारखा गरम असतो."

मी शेजारच्या पट्ट्या बाजूला सारल्या.

"घाई नाही," तो म्हणाला. "तुमच्या सोयीनं काढून द्या."

जिथे त्यानं टकटक केलं होतं तिथली कातडी हळूहळू लाल होत गेली.